तोच हा? : ‘स्टार वॉर्स’च्या उत्तरचित्रपटांवरील प्रतिक्रियांचे स्वरूप

लोकप्रिय कथेचा पुढील भाग रचणाऱ्यापुढे श्रोता एकटा येत नाही. तो आपली स्मृती बरोबर घेऊन येतो. मूळ कथा ऐकताना त्याच्याजवळ तुलनेचे साधन नसते. उत्तरकथा ऐकताना मात्र प्रत्येक शब्दाला तो मनातल्या मनात जुन्या शब्दाशी ताडून पाहत असतो. ही ताडून पाहण्याची क्रिया नेमकी कशी चालते आणि तिच्या आधारे श्रोता जो निवाडा देतो त्याला कितपत प्रामाण्य द्यावे, हा साहित्यविचारातील एक उपेक्षित प्रश्न आहे. ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटमालिकेच्या उत्तरचित्रपटांवर उमटलेल्या प्रतिक्रिया या प्रश्नाचा विचार करण्यास विपुल सामग्री पुरवितात.

जॉर्ज ल्यूकस यांचा ‘स्टार वॉर्स’ १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. १९८० आणि १९८३ मधील आणखी दोन चित्रपटांनी वाळवंटी ग्रहावर वाढलेल्या ल्यूक स्कायवॉकर या अनाथ तरुणाची कथा पूर्ण केली. १९९९ ते २००५ या काळात ल्यूकस यांनी तिची पूर्वकथा तीन चित्रपटांत सांगितली. २०१२ मध्ये त्यांची संस्था डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरांना विकत घेतली आणि त्यानंतर उत्तरकथेचे तीन चित्रपट आले : जे. जे. एब्रम्स दिग्दर्शित ‘द फोर्स अवेकन्स’ (२०१५), रायन जॉन्सन दिग्दर्शित ‘द लास्ट जेडाय’ (२०१७) आणि पुन्हा एब्रम्स यांचाच ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ (२०१९).

या तिन्हींवरील आक्षेप एकत्र मांडले असता ते परस्परविरोधी दिसतात. पहिला चित्रपट जुन्याची नक्कल आहे, असे म्हटले गेले. दुसऱ्याने जुन्याशी द्रोह केला, असे म्हटले गेले. तिसऱ्याने जुन्याचे सर्व मागणे पुरविले, तरी तो अनेकांना नीरस वाटला. यावरून चाहत्यांना आपल्याला काय हवे तेच कळत नाही, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे व तो पुष्कळांनी काढलाही. वस्तुतः या तीन आक्षेपांत विरोध नाही. त्यांच्यामागील अपेक्षा एकच आहे. मात्र ती अपेक्षा ज्या भाषेत व्यक्त झाली त्या भाषेत तिच्याबरोबर एक हक्कही मागितला गेला, आणि अपेक्षा रास्त असली तरी तो हक्क मान्य करता येत नाही. या दोहोंतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे.

(१)

भारतीय दर्शनांत स्मृती आणि प्रत्यभिज्ञा यांत भेद केलेला आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त आठवणे ही स्मृती होय. पूर्वी पाहिलेला देवदत्त आज समोर उभा राहिला असता ‘तोच हा देवदत्त’ असे जे ज्ञान होते ती प्रत्यभिज्ञा होय. या लहानशा वाक्याची घटना लक्षणीय आहे. त्यातील ‘तो’ हे सर्वनाम भूतकाळातील वस्तूकडे निर्देश करते, तर ‘हा’ हे सर्वनाम वर्तमानात प्रत्यक्ष असलेल्या वस्तूकडे. ‘च’ हे अव्यय त्यांचे ऐक्य प्रतिपादन करते. यांपैकी एकही घटक गळाला तर ओळख घडत नाही. केवळ ‘तो’ राहिला तर आठवण उरते. केवळ ‘हा’ राहिला तर समोर परका मनुष्य उभा असतो.

स्मरणरंजनावर आधारलेल्या उत्तरचित्रपटाकडून प्रेक्षकाला जे हवे असते ते हे संपूर्ण वाक्य होय. एप्रिल २०१५ मध्ये ‘द फोर्स अवेकन्स’ची जी झलक दाखविण्यात आली, तिच्या अखेरीस हॅन सोलो आणि त्याचा केसाळ सोबती च्युबाका आपल्या जुन्या यानात परत आलेले दिसतात व आपण घरी आलो, अशा अर्थाचे एक वाक्य हॅन उच्चारतो. ॲनाहाइम येथे जमलेल्या चाहत्यांनी त्या क्षणी केलेला जल्लोष सुप्रसिद्ध आहे. त्या क्षणात वाक्याचे तिन्ही घटक उपस्थित होते. १९७७ मध्ये ३४ वर्षांचा असलेला हॅरिसन फोर्ड हा नट २०१५ मध्ये ७३ वर्षांचा झालेला होता. यान तेच होते, हास्यही तेच होते, पण केस पिकलेले होते. कीर्तनातला राम कधी म्हातारा होत नाही. चित्रपटातला नायक मात्र नटाच्या देहाबरोबर म्हातारा होतो, आणि त्याला पाहणारा प्रेक्षक त्याच्या चेहऱ्यावर आपलेही वय वाचतो. चित्रपटाच्या बाबतीत प्रत्यभिज्ञेला जी तीव्रता येते तिचे कारण येथे सापडते.

पूर्ण चित्रपट मात्र या क्षणाची पातळी सर्वत्र टिकवू शकला नाही. त्यातही वाळवंटी ग्रहावरची अनाथ व्यक्ती आहे, गुप्त माहिती घेऊन हिंडणारे यंत्र आहे, नाना जातींच्या जीवांनी भरलेले मद्यगृह आहे, ग्रह नष्ट करणारे अजस्र शस्त्र आहे आणि वृद्ध मार्गदर्शकाचा मुखवटाधारी खलनायकाच्या हातून होणारा मृत्यू आहे. आपण प्रत्येक चित्रपट वेगळा करण्याचा प्रयत्न केला, परंतु नव्या मालकांना जुन्या धाटणीचा चित्रपट हवा होता, अशी नाराजी स्वतः ल्यूकस यांनी २०१५ मध्ये एका मुलाखतीत व्यक्त केली होती.

तथापि पुनरावृत्ती हा स्वतः दोष नव्हे. सीतास्वयंवराचे आख्यान श्रोत्याने शंभर वेळा ऐकलेले असते, तरी तो एकशेएकाव्या वेळी जातो. कारण कीर्तनकार त्याच आख्यानाला त्या दिवशीच्या निरूपणाने नवा ‘हा’ देत असतो. ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये जेथे असा ‘हा’ आहे तेथे पुनरावृत्तीची तक्रार ऐकू येत नाही. नायिका रे ही जुन्या युद्धातील कोसळलेल्या यंत्राच्या सांगाड्यात राहते आणि भग्न युद्धनौकांचे सुटे भाग विकून पोट भरते. खलनायक कायलो रेन आपल्या आजोबांचे जळके शिरस्त्राण पूजेच्या वस्तूसारखे जपतो. ही दोन्ही पात्रे स्वतःच गतकाळाचे वारस आहेत : एक त्याच्या अवशेषांवर जगते, दुसरे त्याची भक्ती करते. येथे जुनी वस्तू नव्या अर्थाने समोर येते. नव्या महाशस्त्राच्या नाशाचा प्रसंग मात्र १९७७ च्या प्रसंगाहून केवळ आकाराने मोठा आहे. तेथे ‘तो’ पुन्हा दाखविला जातो, पण ‘हा’ असे म्हणावयास काही उरत नाही. नक्कल केल्याचा आक्षेप या ठिकाणी लागू पडतो, आणि तेथे तो योग्यच आहे.

(२)

दुसऱ्या चित्रपटावरील प्रतिक्रियांकडे वळण्यापूर्वी त्या मोजण्याच्या साधनांविषयी सावध राहिले पाहिजे. ‘द लास्ट जेडाय’ला व्यावसायिक समीक्षकांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास अनुकूल होते. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मते घेणाऱ्या सिनेमास्कोअर या संस्थेच्या पाहणीत त्याला ‘ए’ श्रेणी मिळाली, जी २०१५ च्या चित्रपटालाही मिळाली होती. उलट ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी आपण होऊन नोंदविलेल्या मतांत पसंतीचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या खाली गेले. एकाच चित्रपटाच्या ‘प्रेक्षकां’विषयीची ही दोन उत्तरे विसंगत वाटतात, कारण दोन्ही ठिकाणी ‘प्रेक्षक’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या ठिकाणी चित्रपट पाहून नुकताच उठलेला मनुष्य अभिप्रेत आहे, दुसऱ्या ठिकाणी मत नोंदविण्यासाठी मुद्दाम आलेला. मॉर्टन बे यांनी दिग्दर्शक जॉन्सन यांना उद्देशून लिहिल्या गेलेल्या ९६७ ट्वीटांचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात प्रतिकूल ट्वीटांचे प्रमाण एक-पंचमांशाहून थोडेच अधिक आढळले. आणि त्या प्रतिकूल मतांतही राजकीय हेतूने लिहिलेल्यांचा वाटा मोठा असल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. अभ्यासाची कक्षा मर्यादित असली तरी सर्वांत मोठा आवाज हा सर्वांत मोठ्या समूहाचाच असतो असे नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

(३)

पण आवाज अल्पसंख्याकांचा आहे म्हणून तो निरर्थक ठरत नाही. ‘द फोर्स अवेकन्स’ची अखेर रे ही ल्यूकपुढे त्याचे जुने लाइटसेबर, म्हणजे प्रकाशाची तलवार, धरून उभी राहते या दृश्याने होते. पुढे काय घडते, याची प्रेक्षकांनी दोन वर्षे वाट पाहिली. ‘द लास्ट जेडाय’मध्ये ल्यूक ती तलवार हातात घेतो आणि बेफिकिरीने खांद्यावरून मागे फेकून देतो. ल्यूक असे कधीच करणार नाही, हा या चित्रपटावरील सर्वांत गाजलेला आक्षेप होय. ल्यूकच्या चित्रणाशी आपण सहमत नसल्याचे खुद्द ही भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनीही २०१७ मध्ये बोलून दाखविले होते.

आक्षेप शब्दशः घेतला तर तो टिकत नाही. १९८३ च्या चित्रपटात सम्राटाच्या समोर, पित्यावर अखेरचा घाव घालण्याची संधी असता, ल्यूकने आपली तलवार फेकून दिलेलीच आहे. त्या कथेचा तो परमोच्च क्षण होता. मग जी कृती १९८३ मध्ये नायकाच्या महत्तेची खूण ठरली तीच २०१७ मध्ये असह्य का व्हावी?

या प्रश्नाचे उत्तर आनंदवर्धनाच्या एका विवेचनात सापडते. ‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्योतात प्रख्यात कथेवर रचना करणाऱ्या कवीला त्याने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. परंपरेने आलेला कथाभाग रसाला प्रतिकूल असेल तर तो टाकून रसानुकूल असा दुसरा कल्पावा, ही पहिली. रामायणासारख्या ज्या कथा ‘सिद्धरस’ आहेत त्यांत मात्र रसाला विरोधी अशी स्वेच्छा योजू नये, ही दुसरी. सिद्धरस कथेत रस नव्याने निर्माण करावयाचा शिल्लक नसतो, केवळ त्याचा आस्वाद उरलेला असतो, असा त्यावरील अभिनवगुप्ताचा अभिप्राय आहे. या दोन्ही विधानांत कथा बदलण्यास मज्जाव नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. निर्बंध आहे तो रसाच्या बाबतीत. कवी प्रसंग बदलू शकतो. श्रोत्याच्या अंतःकरणात आधीच सिद्ध असलेला भाव त्याने मोडू नये, एवढेच आनंदवर्धनाचे म्हणणे आहे.

‘स्टार वॉर्स’ म्हणजे रामायण नव्हे. परंतु १९७७ पासून हे चित्रपट वारंवार पाहत आलेल्या प्रेक्षकाची मनःस्थिती सिद्धरस कथेच्या श्रोत्यासारखी असते, एवढे साम्य मान्य करण्यास हरकत नाही. या दृष्टीने पाहता आक्षेपाचे खरे रूप उघड होते. १९८३ मधील शस्त्रत्याग वीररसाच्या शिखरावरून शांताकडे जाणारा होता. २०१७ मधील शस्त्रत्याग हास्यरसात येतो; चित्रपटगृहात त्यावर हशा पिकावा, अशीच त्याची योजना आहे. दोन वर्षे धरून ठेवलेला भाव एका विनोदासाठी खर्च झाला, हे चाहत्यांचे खरे दुःख होते. ते त्यांनी ‘ल्यूक असे करणार नाही’ अशा वस्तुस्थितिवाचक वाक्यात मांडले. त्यांचा अनुभव खरा होता, त्याचे केलेले वर्णन चुकीचे होते. सामान्य रसिक आपली रसविषयक तक्रार पुष्कळदा कथाविषयक तक्रारीच्या रूपाने मांडतो. तेव्हा त्याचे शब्द खोडून काढण्यापेक्षा त्यांमागील अनुभव शोधणे हे समीक्षकाचे काम ठरते.

त्याच चित्रपटाच्या अखेरीस ल्यूक शत्रुसैन्यासमोर उभा राहतो. प्रत्यक्षात तो तेथे नसतो, त्याची केवळ प्रतिमा असते. तो कोणाचाही वध करीत नाही, आपल्या माणसांना निसटण्यास अवसर देतो आणि १९७७ मध्ये तरुण ल्यूकने पाहिलेल्या दोन सूर्यांची आठवण करून देणाऱ्या दृश्यात त्याचा अंत होतो. १९८३ च्या शस्त्रत्यागाचा अर्थ येथे पूर्णतेस जातो. वृद्ध, पराभूत, स्वतःवर रुष्ट असा ‘हा’ आणि क्षितिजाकडे पाहणारा ‘तो’ यांचे ऐक्य या उत्तरचित्रपटांत याहून समर्थपणे अन्यत्र साधलेले नाही. प्रारंभीचा विनोद हा रसदोष होय, हे मान्य केले तरी त्यावरून संपूर्ण पात्रच परके झाले असा निर्णय निघत नाही.

(४)

चाहत्यांच्या या वादातील मध्यवर्ती शब्द ‘कॅनन’ हा आहे. मूळचा तो धर्मग्रंथांच्या संदर्भातला. प्रमाण मानलेल्या ग्रंथांचा संग्रह, असा त्याचा अर्थ. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे शेरलॉक होम्सच्या कथांवर बायबलच्या चिकित्सकांचे विडंबन करणारा निबंध वाचला आणि ललितकथांच्या बाबतीत हा शब्द रूढ होण्यास तो बव्हंशी कारण झाला. तेथे जी थट्टा होती ती येथे गंभीर झाली आहे. ‘द लास्ट जेडाय’ला अधिकृत कॅननमधून वगळावे, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या.

अशा मागणीत एक निश्चित, अचल असा मूळ पाठ गृहीत धरलेला असतो. या मालिकेच्या बाबतीत तो अस्तित्वातच नाही. १९७७ च्या चित्रपटाच्या आरंभी ‘भाग चौथा’ हे शब्द नव्हते. ते १९८१ च्या पुनःप्रदर्शनात आले. मद्यगृहात हॅन सोलो आपल्याला धरावयास आलेल्या ग्रीडोला गोळी घालतो, हा १९७७ चा पाठ. १९९७ च्या आवृत्तीत ल्यूकस यांनी ग्रीडोला आधी गोळी झाडावयास लावली. २००४ मध्ये दोघांच्या गोळ्यांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले, तर २०१९ मध्ये ग्रीडोच्या तोंडी एक नवीनच शब्द आला. चित्रपटांत मागाहून फेरफार करण्याविरुद्ध याच ल्यूकस यांनी १९८८ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससमोर साक्ष दिली होती. पाठचिकित्सेच्या अभ्यासकास या इतिहासात परिचित खुणा आढळतील : प्रक्षेप, पाठभेद, आणि मूळ कर्त्यापेक्षा मूळ पाठावर अधिक निष्ठा असलेले वाचक.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. १९९१ मध्ये टिमोथी झान यांची ‘एअर टू द एम्पायर’ ही कादंबरी आली आणि त्यानंतर वीसहून अधिक वर्षे ल्यूकचे पुढील चरित्र कादंबऱ्यांतून वाढत गेले. त्यांत तो जेडायांची नवी परंपरा उभारतो, विवाह करतो. एप्रिल २०१४ मध्ये या साऱ्या ग्रंथांना ‘लेजेंड्स’, म्हणजे आख्यायिका, असे नाव देऊन प्रमाणकथेतून बाहेर काढण्यात आले. एका परिपत्रकाने ग्रंथाचे प्रामाण्य काढता येते, वाचकाची स्मृती काढता येत नाही. ‘आमच्या आठवणीतला ल्यूक’ म्हणून चाहत्यांनी जो पुढे केला त्यात या रद्द झालेल्या ल्यूकचाही अंश होता.

(५)

येथे सर्वनामाचा प्रश्न पुन्हा उपस्थित होतो. ‘हा माझा ल्यूक नव्हे’ हे २०१७ नंतरच्या प्रतिक्रियांतील एक घोषवाक्यच बनले. अनेकवचनात तोच भाव ‘आमचा ल्यूक’, ‘आमचे बालपण’ असा व्यक्त होतो. इंग्रजीत अशा जागी जे सर्वनाम येते ते ऐकणाऱ्याला सामावून घेते की वगळते, हे त्या शब्दावरून कळत नाही. मराठीला ही संदिग्धता परवडत नाही. ही वाक्ये मराठीत आणणाऱ्याला ‘आपला ल्यूक’ म्हणावे की ‘आमचा ल्यूक’, याचा निर्णय करावाच लागतो, आणि त्या निर्णयाबरोबर प्रतिक्रियेचा नैतिक अर्थ बदलतो. ‘आपला’ म्हणणारा रसिक समोरच्यालाही त्या कथेचा भागीदार मानतो. ‘आमचा’ म्हणणारा कुंपण घालतो.

पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेचे एक उदाहरण पुरेसे आहे. ‘द फोर्स अवेकन्स’मध्ये हॅनच्या मृत्यूनंतर लेया ही त्याच्या जन्माच्या सोबत्याला, च्युबाकाला, ओलांडून जाते आणि जिला ती जेमतेम ओळखते त्या रेला मिठी मारते. हे अनुचित आहे, असे प्रेक्षकांनी म्हटले, आणि ती चूक असल्याचे एब्रम्स यांनी पुढे मान्य केले. प्रेक्षकांनी येथे औचित्याचा प्रश्न उपस्थित केला होता व तो दिग्दर्शकासह सर्वांना कळण्याजोगा होता.

दुसऱ्या प्रकारचे उदाहरण केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीचे आहे. ‘द लास्ट जेडाय’मध्ये रोझ टिको ही भूमिका केल्यानंतर तिच्यावर वंशवाचक व स्त्रीद्वेषी अपशब्दांचा एवढा मारा झाला, की २०१८ मध्ये तिने आपल्या इन्स्टाग्राम खात्यावरील सर्व मजकूर काढून टाकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिने लेख लिहिला. बिगरगोऱ्या स्त्रीने कडेलाच राहावे, ही जी शिकवण तिला लहानपणापासून मिळाली होती तिला या अपशब्दांनी दुजोरा दिल्यासारखे वाटले आणि आपण त्यावर विश्वास ठेवू लागलो, असे तिने त्यात म्हटले आहे. येथे रसदोषाचा लवलेश नाही. रोझ टिकोचे कथानक शिथिल आहे, असे कोणी म्हणावे. परंतु ती स्त्री त्या पडद्यावर असण्यालाच जेव्हा हरकत घेतली जाते तेव्हा ‘आमचा’ या सर्वनामाचा वगळणारा अर्थ पूर्णपणे उघडा पडतो. दोन्ही प्रकार ‘चाहत्यांची प्रतिक्रिया’ या एकाच नावाखाली मोडल्यामुळे रास्त तक्रार दुष्ट ठरली आणि दुष्टाव्याला रास्त तक्रारीचा आडोसा मिळाला.

(६)

२०१९ च्या चित्रपटाने हा भेद केलाच नाही. त्याने आक्षेपांची जणू यादी केली आणि एकेक अर्ज निकालात काढला. रेचे आईबाप सामान्य होते, हे २०१७ चे विधान फिरवून तिला सम्राटाची नात करण्यात आले. रोझ टिको कथेच्या कडेला गेली. तलवार आदराने हाताळली पाहिजे, असे ल्यूकच्याच तोंडून वदविले गेले. १९७७ च्या समारंभात ल्यूक आणि हॅन यांना पदके मिळाली होती, च्युबाकाला नव्हते. ४२ वर्षांनी त्यालाही पदक देण्यात आले. तरीही सिनेमास्कोअरची श्रेणी ‘बी प्लस’वर उतरली आणि जगभरातील उत्पन्न, जे २०१५ मध्ये २ अब्ज डॉलरांहून अधिक व २०१७ मध्ये सुमारे १.३ अब्ज होते, ते १ अब्जाच्या किंचित वर राहिले.

पदकाचा प्रसंग बोलका आहे. चाहत्यांनी ती उणीव चार दशके प्रेमाने जपली होती. तिच्यावर बोलणे हा त्यांच्या सहवासाचा भाग झाला होता. पदक मिळाले तेव्हा पात्राच्या जीवनात काहीही बदलले नाही, कारण पदक च्युबाकाला दिलेले नव्हतेच. ते तक्रारदाराला दिलेले होते. येथे ‘तो’ आहे, ‘हा’ नाही. पहिल्या चित्रपटाच्या दुबळ्या भागांत जो दोष होता तोच या चित्रपटाचे धोरण बनला.

तिन्ही आक्षेपांमागील अपेक्षा एकच होती, असे आरंभी म्हटले, त्याचा अर्थ आता स्पष्ट व्हावा. ‘तोच हा’ असे म्हणता यावे, एवढेच प्रेक्षकाला हवे होते. नकलेत त्याला ‘हा’ मिळाला नाही, विनोदाच्या आघाताने त्याला ‘तो’ दिसेनासा झाला, आणि अखेरच्या चित्रपटात त्याला त्याचीच यादी परत वाचून दाखविण्यात आली. ही अपेक्षा कलेला विघातक नाही. सिद्धरस कथेच्या प्रत्येक श्रोत्याची ती असते आणि निर्मात्याने तिचा मान राखला पाहिजे. परंतु ‘हा’ कोण असावा हे ठरविण्याचा अधिकार तीतून प्राप्त होत नाही. ओळखणे हे रसिकाचे काम आहे. ओळखण्याजोगे काही समोर उभे करणे हे कलावंताचे. रसिकाने तेही काम स्वतःकडे मागितले आणि निर्मात्याने ते मुकाट्याने देऊन टाकले, तर ‘तोच हा’ या वाक्यातील ‘हा’ उच्चारण्याचा प्रसंगच येत नाही.